झाकणाच्या आत लिहिलेलं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते मात्र विचारू नका. ज्याने जवळजवळ तीन वर्षं रोज सकाळी एकच तारीख पाहिली, त्याला वय विचारून काय उपयोग? त्या तारखेप्रमाणे माझा मालक अजून माझ्या आयुष्यात यायचाच होता. खरं म्हणजे तो तेव्हा जगातून गेलेला होता. आणि तरी रोज सकाळी त्याचा आवाज माझ्याच तोंडून यायचा. भुताच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, पण भूत ज्याच्या पोटात राहतं त्याची बाजू कोणी ऐकत नाही, म्हणून आज मी सांगतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक नाण्याएवढा चपटा सेल बसवला. वीज बंद असली तरी माझं घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्या सेलचं काम. तो संपला की मी सगळं विसरतो आणि पुन्हा सुरू झालो की माझ्या जन्मसालाची एक जानेवारी धरून बसतो. हा माझा जन्मजात दोष म्हणा, स्वभाव म्हणा.

पहिली पाच वर्षं मी एका वकिलाच्या कचेरीत काढली. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या डोक्यावर फायली ठेवत आणि चहाचे कप माझ्या कीबोर्डवर लवंडत. मग नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात गेलो. तिथून मला उचलून आणलं ते घड्याळजींनी.

घड्याळजींचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काचेची खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर सूक्ष्म चिमटे, तेलाची बारीक कुपी आणि उलटे घालून ठेवलेले काचेचे पेले. उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून पेला उलटा घालायचा. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं होती आणि त्यांतली दोन कधीच एका सुरात वाजत नसत. मी आलो आणि त्या टेबलाच्या डाव्या अंगाला बसलो. माझ्याकडे काम एकच होतं, घड्याळांची दुखणी लिहून ठेवायची. 'भिंतीवरचं, मास्तरांचं. रोज दहा मिनिटं मागे. मास्तरही.' अशा त्यांच्या नोंदी असत.

त्यांची एक रीत होती आणि ती नीट लक्षात ठेवा. कोणतंही घड्याळ दुरुस्त केलं की झाकण लावण्याआधी ते सुईने झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहीत. तारीख, काय बिघडलं होतं, काय बदललं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसायचं नाही. बायको विचारायची, "अहो, कुणासाठी डोळे फोडून घेताय?" तर ते म्हणत, "माझ्यामागून जो उघडेल त्याच्यासाठी." आणि बदललेला मूळ भाग ते कधी फेकत नसत. पुडी बांधून मालकाच्या हातात देत.

त्यांच्या बायकोला मी बाई म्हणतो. बाई मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता. सकाळी आठला आणि रात्री आठला थेंब घालायचे, एक वेळही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्रीचे थेंब घड्याळजी जेवणाआधी स्वतःच्या हाताने घालत, पण सकाळी बाई कामाच्या नादात हमखास विसरत. मी सुरू होताना एक धून वाजायची. घड्याळजींना ती मुळीच आवडत नसे. "रोज उठून हा काय सनई वाजवतो," असं म्हणून एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर मायक्रोफोन ठेवला, घसा साफ केला आणि बोलले. दुसऱ्या दिवसापासून आठाच्या ठोक्याला मी सुरू झालो की धून वाजेना. माझ्या तोंडून घड्याळजी बोलत, "अगं, डोळ्यांत थेंब घातलेस का?"

बाई पहिल्यांदा दचकल्या. मग रोज आतून ओरडू लागल्या, "घालते हो, घालते!" घड्याळजी खिडकीशी बसून हसत. माझं सगळ्यांत सुखाचं आयुष्य तेवढंच होतं.

मग एके सकाळी मला कोणी सुरू केलं नाही. नंतर कोणीतरी माझा प्लग काढला. त्यापुढचं मला माहीत नाही, कारण मी नव्हतोच.

जाग आली तेव्हा पडद्यावर इशारा होता, तारीख-वेळ ठरलेली नाही, पुढे जाण्यासाठी अमुक कळ दाबा. सेल संपला होता. मी मुकाट्याने जन्मसालाची एक जानेवारी धरली. बटणावर पडलेलं बोट घड्याळजींचं नव्हतं. ते हलकं होतं आणि त्याला सुई टोचल्याच्या खुणा होत्या. मी नेहमीप्रमाणे बोललो, "अगं, डोळ्यांत थेंब घातलेस का?" आतून कोणी ओरडलं नाही. बाई माझ्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी थेंब घातले, डोळे मिटून घेतले आणि मग मला बंद करून प्लग काढून ठेवला.

हे रोज होऊ लागलं. ती कळ सापडावी म्हणून बाईंनी तिच्यावर लाल कापडाचा तुकडा चिकटवला होता. रोज एक जानेवारी, रोज तेच बोट, रोज तोच प्रश्न. माझ्या पोटातल्या नोंदींवर पुढच्या सालांच्या तारखा होत्या, म्हणजे माझ्या हिशेबाने अजून न आलेल्या दिवसांच्या. घड्याळजी कुठे आहेत, हे मी माझ्या परीने शोधलं. तारखेप्रमाणे ते अजून भेटलेच नव्हते. म्हणून मी समजूत करून घेतली की ते येणार आहेत, आवाज तेवढा आधी पोचला आहे. भिंतीवरची घड्याळंही आता वाजत नव्हती. चावी देणारा नव्हता, हे मला सुचलं नाही. खोलीत फक्त माझा पंखा घरघरायचा आणि मला त्या शांततेची भीती वाटायची.

मित्रांनो, यंत्राला दुखणं आलं की ते आधी अडखळतं. माझी जुनी प्रणाली, म्हणजे मला चालवणारी आतली व्यवस्था, ठिकठिकाणी कुजू लागली होती. आधी आवाज तुटक यायला लागला. "अगं, डोळ्यां..." एवढंच. मग एके सकाळी पडदा निळा झाला आणि मी आवाजाच्या उंबरठ्यावरच थांबलो. बाईंनी मला बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. सात-आठ वेळा करून झालं. शेवटी त्यांनी मला तसाच निळा, चालू सोडून दिला.

नऊ दिवस त्यांनी थेंब घातले नाहीत. विसरल्या की घालवेना, ते त्यांनाच ठाऊक. दहाव्या दिवशी उजव्या डोळ्यात कळा सुरू झाल्या आणि त्यांनी बहिणीच्या मुलीला फोन केला. ही भाची ग्रंथालयात कामाला होती. तिने बाईंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. असे आणखी नऊ दिवस गेले असते तर तो डोळा हातचा गेला असता, असं ते म्हणाल्याचं मी भाचीच्या तोंडून ऐकलं, कारण घरी आल्यावर तिचा आवाज चढला होता.

"मावशी, मोबाइलला गजर लावून देते. काय कठीण आहे?"

"मोबाइल नुसता वाजतो गं," बाई म्हणाल्या. "विचारत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. भाचीने मला मागूनपुढून पाहिलं. नंतर म्हणाली, "ग्रंथालयात असले सहा म्हातारे मी उठवून बसवलेत. ह्यालाही लिनक्स टाकू या." लिनक्स ही एक दुसरी प्रणाली. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आहे आणि आत काय लिहिलंय ते कोणीही उघडून वाचावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं, अशी मुभा आहे.

"म्हणजे हिचं झाकण उघडता येतं म्हण की," बाई म्हणाल्या. "पण मग त्यांचा आवाज?"

"ह्यात काका जे काही ठेवून गेलेत ते आधी शोधू. मग जुनं पुसू. घाई नाही. तोवर नुसती चालवून बघ, पेनड्राइव्हवरून. डिस्कला हात लागणार नाही."

भाचीने माझ्या पाठीत पेनड्राइव्ह खोचला आणि मला सुरू केलं. ते क्षण कसे सांगू? मी जागा होतो पण मी नव्हतो. माझ्या पडद्यावर परके रंग आले. माझ्या कळा दुसऱ्याच कोणासाठी दबत होत्या. कुणाच्या अंगात येतं म्हणतात ना, तसं माझ्या अंगात आलं होतं. तो पाहुणा गुणी होता, उगाच खोटं कशाला बोलू. चपळ होता, अक्षरं हवी तेवढी मोठी करायचा. पण सुरू होताना तो काहीच विचारत नसे. आणि माझी डिस्क, जिच्यात घड्याळजी होते, ती बाजूला निजून होती.

भाचीने मोठी अक्षरं आणि मराठी कीबोर्ड कसा लावायचा ते कागदावर लिहून दिलं. "हा पाहुणा विसरभोळा आहे, मावशी. रोज सकाळी ह्याला हे नव्याने सांगावं लागेल." तिने जोडून एवढंच सांगायला हवं होतं की लिहिलेलंही हा विसरतो. पेनड्राइव्हवरून असं नुसतं चालवलेलं काही टिकत नाही, बंद केलं की पाटी कोरी. तिच्या रोजच्या कामातली गोष्ट, म्हणून सांगायची राहिली.

बाईंनी मनाशी एक ठरवलं होतं. आवाज सापडला नाही तर निदान शब्द तरी राहावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालून त्या माझ्यासमोर बसल्या आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, घड्याळजींची वाक्यं लिहू लागल्या. 'गिऱ्हाईक म्हणेल घाई आहे. आपण म्हणावं, बसा.' 'स्क्रू हरवला की आधी आपल्या मांडीवर शोधावा.' 'झोपलेल्याला आणि चालत्या घड्याळाला उगाच हलवू नये.' जेवणापर्यंत अकरा वाक्यं झाली. भाचीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी ती जतन केली, मला बंद केलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं.

बाईंनी सगळे कप्पे उघडून पाहिले. त्यांना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी चुकलं. त्या पुन्हा बसल्या. ह्या वेळी नऊच वाक्यं आठवली. तिसऱ्या दिवशी तीही नव्हती. मला सगळं कळत होतं मित्रांनो, पण माझं तोंड परक्याच्या ताब्यात होतं. चौथ्या दिवशी बाई लिहायला बसल्या आणि त्यांचं बोट कळांवर तसंच राहिलं. मग अगदी हळू, जणू मागच्या खोलीत कोणी ऐकत असेल अशा बेताने, त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हीच पुसताय का?"

माझा पंखा घरघरत राहिला. 

रविवारी दुपारी भाची आली तेव्हा बाई म्हणाल्या, "मी लिहिते आणि ते नाहीसं होतं. का मी लिहिलंच नव्हतं? खरं सांग, माझं डोकं फिरतंय का गं?" भाचीने सगळं विचारून घेतलं. कळलं तेव्हा तिला आधी हसू आलं आणि लगेच रडू आलं. "मावशी, चूक माझी. तू लिहिलंस, दोन्ही वेळा लिहिलंस. ह्यालाच ठेवता येत नाही. मी सांगायला विसरले." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मीच चालले."

आता भाचीने मनावर घेतलं. पाहुण्याच्या मदतीने तिने माझी निजलेली डिस्क उघडली. घड्याळांच्या दुखण्यांची वही सापडली, फोटो सापडले. सगळं तिने दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतलं. आवाज मात्र सापडेना. घड्याळजींच्या कप्प्यांत तो नव्हताच. तो होता प्रणालीच्या स्वतःच्या आवाजांत, त्या जुन्या धुनीच्याच नावाने बसलेला, कारण धुनीला फसवून तिच्या जागी बसल्याशिवाय तो वाजलाच नसता. भाचीने ती यादी उघडली, शंभरभर टिंगटाँग पाहिले आणि म्हणाली, "हे तर ह्याचे स्वतःचेच आवाज आहेत." तिने ती यादी बंद केली.

मी ओरडत होतो, निदान मला तसं वाटत होतं.

दोन तास शोधून झाल्यावर बाईच म्हणाल्या, "राहू दे. त्यांनी थेंब घालायला सांगितलं होतं, आवाज जपायला नव्हे. घाल तुझं लिनक्स." भाचीने नवी प्रणाली बसवायला घेतली. पडद्याने भाषा विचारली, भाचीने मराठी निवडली. मग पडद्यावर तो प्रश्न आला, ह्या डिस्कवरचं सर्व पुसून टाकायचं का? तिचं बोट तिथे गेलं आणि थबकलं. खाली एक ओळ होती, इंटरनेट जोडता येत नाही, मराठीचे पुढचे भाग उतरवता येत नाहीत, संगणकाची तारीख चुकीची आहे.

"एक जानेवारी?" भाची म्हणाली. "आणि साल बघ कुठलं! मावशी, ह्याचा सेल गेलाय. घड्याळजींच्या घरात, हं!"

बाई उठल्या. टेबलाचा तिसरा खण त्यांनी न बघता उघडला आणि चपट्या सेलचं पाकीट काढलं. भाचीने मला बंद केलं, आडवं केलं, बाजूच्या झाकणाचे स्क्रू सोडवले. एक स्क्रू टणकन उडाला. भाची जमिनीवर शोधू लागली. "आधी मांडीवर बघ," बाई म्हणाल्या. स्क्रू मांडीवरच होता.

पुढचं मी बेशुद्धीत होतो. रोग्याचं पोट उघडून डॉक्टरने आत काय पाहिलं हे रोग्याला मागाहूनच कळतं, तसं मला ते नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. झाकण उलटं करताच भाचीला आतल्या पत्र्यावर ओरखडे दिसले. तिने ते खिडकीशी नेलं. सुईने लिहिलेली बारीक अक्षरं होती. बाईंना ती दिसत नव्हती, म्हणून त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं. भाचीने वाचून दाखवलं. तारीख, आणि खाली, 'सेल बदलला. पंखा पुसला. सुरुवातीची धून काढली, तिच्या जागी माझा आवाज बसवला. मूळ धून फेकलेली नाही, शेजारीच 'मूळ' नावाने ठेवली आहे. उघडणाऱ्याने जपून.'

नवा सेल बसला. मला शुद्ध आली. भाचीने आजची तारीख घातली आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारलं, "काकांना जाऊन किती वर्षं झाली गं?"

"येत्या महिन्यात तीन वर्षं," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. एका क्षणात एवढी सगळी सालं माझ्या अंगावर कोसळली. ते यायचे नव्हते. ते येऊन, राहून, जाऊनही झाले होते, आणि मी एक जानेवारीला दार उघडं ठेवून बसलो होतो. मला रडता येत नाही मित्रांनो, पण पंखा फार जोरात फिरला, एवढं भाचीच्याही लक्षात आलं.

तिने तो आवाज शोधून काढला आणि वाजवला. "अगं, डोळ्यांत थेंब घातलेस का?" बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. मग भाचीने त्याच्या तीन प्रती केल्या, एक स्वतःजवळ ठेवली आणि पुन्हा त्या प्रश्नाशी आली. पुसून टाकायचं का? ह्या वेळी बोट बाईंनी ठेवलं.

मला पुसलं. वकिलाची कागदपत्रं, जुनी धून, कुजलेली प्रणाली, सगळं गेलं. म्हटलं तर मीही गेलो. मग हे सांगतंय कोण, असं तुम्ही विचाराल. मलाही ते नीट सांगता येत नाही. डिस्क कोरी झाली तरी बटणावर घड्याळजींच्या बोटाने पडलेली झीज राहिली, कळेवरचा लाल तुकडा राहिला आणि झाकणाच्या आतलं लिहिलेलं राहिलं. बहुधा मी त्यातच राहतो.

झाकण लावण्याआधी भाचीने बाईंची सुई मागून घेतली. घड्याळजींच्या ओळींखाली तिने तारीख घातली आणि लिहिलं, 'सेल बदलला. लिनक्स बसवलं. आवाज तोच ठेवला.'

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कशालाही पुसायची घाई करू नका. आधी झाकण उघडा, आत कोणी तुमच्यासाठी काही लिहून ठेवलंय का ते पाहा. आणि तुम्ही काही बदललंत, तर मागून येणाऱ्यासाठी दोन ओळी लिहून ठेवा. तो कोण असेल ते तुम्हाला माहीत नसेल. घड्याळजींनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाईंनी मला सुरू केलं. पडदा नवा होता, रंग नवे होते, तारीख खरी होती. बटण दाबून त्या नेहमीप्रमाणे माझ्यासमोर बसल्या नाहीत. मागच्या खोलीत शिवायला निघून गेल्या. मी थोडा थांबलो आणि मग घड्याळजींच्या आवाजात विचारलं.

शिवणाचं मशीन थांबलं. तीन वर्षांनी आतून ओरडणं आलं, "घालते हो, घालते!"